होस्टेलशिवाय परदेशात इंग्रजी: रोज ये-जा करून शिकणाऱ्यांसाठी

जिना उतरला की वर्ग, जिना चढला की खोली, मधे जेवणाची वेळ. परदेशातल्या भाषाशाळेचं हे चित्र अनेकांच्या डोक्यात पक्कं असतं. फिलिपिन्समधल्या सेबू किंवा बागियोसारख्या शहरांत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. तिथल्या बहुतेक शाळा शिकवणी, खोली आणि जेवण यांचं एकच पॅकेज देतात. काही शाळा तर सोमवार ते शुक्रवार विद्यार्थ्याला आवाराबाहेर सोडतच नाहीत, आणि या कडक शिस्तीच्या प्रकाराला ‘स्पार्टा’ असंच नाव पडलं आहे. लंडन, डब्लिन, टोरांटो, सिडनी इथे मामला उलटा. तिथली भाषाशाळा म्हणजे बऱ्याचदा ऑफिसांच्या इमारतीतले दोन-तीन मजले. राहायचं आपलं आपण बघायचं, नाहीतर शाळेमार्फत एखाद्या कुटुंबात. म्हणजे एका ठिकाणी होस्टेल सोडावं का हा प्रश्न, तर दुसऱ्या ठिकाणी राहायचं कुठे हा.

दोन्हीकडे बहुतेक जण भाड्याचा आकडा बघून ठरवतात. माझं म्हणणं, भाडं तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला आकडा, घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत किती मिनिटं लागतात. दुसरा, त्या घरात रोज किती वेळ इंग्रजी कानावर पडेल आणि तोंडातून निघेल. होस्टेलमध्ये वेळ, जेवण आणि सोबत न मागता मिळतात. ये-जा करणाऱ्याला तिन्ही जमवाव्या लागतात, आणि त्या जमवायला सुरुवात करायची ती विमानात बसायच्या आधी.

१. आधी तासांचा हिशेब मांडा

बहुतेक भाषाशाळा ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (जवळपास पूर्ण प्रभुत्व) अशी सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. काउन्सिल ऑफ युरोपने ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा ढोबळ अंदाज असा, की अगदी सुरुवातीपासून धरलं तर बी१ गाठायला शिक्षकाच्या हाताखालचे ३५० ते ४०० तास लागतात, बी२ ला ५०० ते ६०० आणि सी१ ला ७०० ते ८००. म्हणजे बी१ वरून बी२ वर जायला साधारण दीडशे ते दोनशे तास.

आता आठवड्याला १५ तास आणि २५ आठवडे असा कोर्स घ्या. ३७५ तास झाले. कागदावर भरपूर. इथे एक फसगत टाळा. माहितीपत्रकात ‘आठवड्याला २० लेसन’ असं छापलेलं असतं, आणि एक लेसन बऱ्याचदा ४५ मिनिटांचा असतो. २० लेसन म्हणजे १५ तासच. दोन शाळांची तुलना करताना लेसन मोजू नका, मिनिटं मोजा.

त्यात प्रवास मिळवा. जायला एक तास, यायला एक तास, आठवड्याचे पाच दिवस. २५ आठवड्यांत २५० तास होतात. वर्गात ३७५ आणि बसमध्ये २५०! हाच प्रवास अर्ध्या तासाचा असता तर १२५ तास वाचले असते, आणि सव्वाशे तास ही पुढच्या पायरीची निम्म्याहून जास्त वाट आहे. स्वस्त खोलीची खरी किंमत अशी निघते.

माझा ठोकताळा सांगतो. ४० मिनिटांपर्यंत बिनधास्त घ्या. त्यापुढे खोली घ्यायला काहीतरी चांगलं कारण हवं. तासाच्या वर जायचं ते फक्त घरातली माणसं खरोखर इंग्रजीतून बोलणारी असतील तरच. शिवाय नुसती मिनिटं बघू नका, गाडी किती वेळा बदलावी लागते तेही बघा. एकाच बसमध्ये बसून ४५ मिनिटं जात असतील, तर त्यातली चाळीस अभ्यासाला मिळतात. दोनदा गाडी बदलत ३५ मिनिटांत पोचलात तर एकही मिळत नाही, सगळा वेळ घड्याळ आणि फलाटाचा क्रमांक बघण्यात जातो.

२. व्हिसाचे नियम घर शोधण्याआधी वाचा

घराचा आणि व्हिसाचा काय संबंध, असं वाटेल. संबंध हजेरीचा आहे. आयर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोर्सला आठवड्याला किमान १५ तास वर्ग लागतात आणि ८५ टक्के हजेरी अपेक्षित असते. ऑस्ट्रेलियात किमान २० तास आणि ८० टक्के. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर भाषा शिकणाऱ्याला आठवड्याला १८ तास वर्ग लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग धरले जात नाहीत. म्हणजे आज बस चुकली, घरूनच लॉगिन करतो, हा मार्ग तिथे बंद. आठवड्यात पाच दिवस वर्ग असतील तर ८५ टक्क्यांचा अर्थ असा, की महिन्याच्या वीस दिवसांत तीनच दिवस चुकवता येतात. एक सर्दी, एक रेल्वेचा संप आणि एक आळस. संपले तीन.

कित्येक शाळांत ठरावीक मिनिटांपेक्षा उशिरा आलात तर तो तास गैरहजेरीत जातो. लांब राहणाऱ्याचं नुकसान इथेच होतं, कारण त्याची बस दहा मिनिटं उशिरा आली की त्याचा तास गेला. प्रवेश घेण्याआधी शाळेला ईमेलवर विचारा: उशिराचा नियम काय, किती मिनिटांची सवलत, पहिला तास बुडाला तर दुसऱ्याला बसता येतं का? उत्तर जपून ठेवा.

नोकरी करून भाडं भागवायचा बेत असेल तर तो आत्ताच तपासा. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर म्हणून करता येतो आणि ६ ते ११ महिन्यांच्या इंग्रजी कोर्ससाठी वेगळा शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसा आहे. या दोन्हींवर काम करायला परवानगी नाही. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टडी परमिट लागत नाही, पण नुसत्या इंग्रजीच्या कोर्सवर, परमिट असलं तरी, बाहेर नोकरी करता येत नाही. आयर्लंडमध्ये २५ आठवड्यांचा मान्यताप्राप्त कोर्स असेल तर वर्गाच्या काळात आठवड्याला २० तास काम चालतं, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. जिथे काम चालतं तिथे घर शोधताना दोन नव्हे, तीन ठिपके जोडावे लागतात: घर, शाळा, काम. रात्री अकराला काम सुटलं की घरी जायला काय मिळतं हे आधी बघा, शाळेचं अंतर त्यानंतर.

पत्ता बदलला की कळवण्याचं बंधनही होस्टेलवाल्याला जाणवत नाही, तुम्हाला जाणवेल. ऑस्ट्रेलियात नवा पत्ता सात दिवसांत शाळेला द्यावा लागतो, अमेरिकेत एफ-१ विद्यार्थ्याने दहा दिवसांत. घर बदलण्याच्या धांदलीत ही गोष्ट हमखास राहते. किल्ली हातात आली की त्याच संध्याकाळी ईमेल टाका. अर्ज करायच्या आठवड्यात हे सगळे नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा वाचा, एजंटच्या तोंडी माहितीवर राहू नका. आणि विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर हा लेख त्याच्या कामाचा नाही, त्याच्या राहण्याची सोय बऱ्याचदा शाळेच्या संमतीनेच ठरावी लागते.

३. सकाळची बॅच की दुपारची?

दुपारची बॅच बऱ्याच शाळांत स्वस्त पडते. जवळ राहणाऱ्याने ती खुशाल घ्यावी. लांबच्याने दोनदा विचार करावा, कारण दुपारची बॅच सुटते ती ऑफिसं सुटण्याच्या वेळेला, आणि सगळं शहर तुमच्याच बसला लटकतं. सकाळच्या बॅचला जाताना गर्दी, येताना मोकळी गाडी. दुपारच्याला त्याच्या उलट, वर हिवाळ्यात परतताना अंधार. डब्लिन-लंडनसारख्या उत्तरेकडच्या शहरांत डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी आठ-साडेआठच्या आसपास उगवतो. जूनमध्ये घर बघितलंत तर रात्री नऊला लख्ख उजेड असतो, आणि स्टॉपपासून घरापर्यंतची वीस मिनिटांची निर्मनुष्य वाट तेव्हा रम्य वाटते.

४. आल्या आल्या लांबचा करार करू नका

इथून बसून सहा महिन्यांची खोली पक्की करण्याचा मोह होतो. टाळा. पहिले दोन ते चार आठवडे शाळेमार्फत होमस्टे, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहण्याची सोय, घ्या आणि तिथे राहून पुढची खोली शोधा. होमस्टे थोडा महाग पडतो, पण त्यात पडताळणी झालेली असते. ब्रिटनमध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या मान्यतेसाठी शाळेची तपासणी होते तेव्हा शाळेने लावून दिलेली राहण्याची सोयही तपासली जाते. तुम्ही स्वतः शोधलेली खोली तपासायला कोणी येत नाही.

होमस्टेचं कुटुंब मिळालं म्हणजे इंग्रजी मिळालंच, असं मात्र समजू नका. काही घरांत एका वेळी तीन-चार विद्यार्थी ठेवतात आणि यजमान ताट वाढून टीव्हीपुढे जातात. म्हणून बुकिंगच्या फॉर्ममध्ये ‘इतर सूचना’ अशी जी रिकामी जागा असते, ती भरा. माझी भाषा बोलणारा दुसरा विद्यार्थी त्या घरात नको. रात्रीचं जेवण कुटुंबासोबत एका टेबलावर होतं का? शाळेपर्यंत कुठली बस आणि किती मिनिटं? रात्री शेवटची बस किती वाजता? स्वयंपाकघर वापरू देतात का? एवढं विचारलंत तर कोणाला राग येत नाही, उलट शाळा जरा विचार करून घर देते.

फिलिपिन्समधल्या शाळेत होस्टेल सोडायचं असेल तर वेगळं बघावं लागतं. तिथे फीमध्ये खोली आणि जेवण गुंतलेलं असतं, तेव्हा बाहेर राहणाऱ्याला किती वजावट मिळते आणि दुपारचं जेवण त्यात येतं का, हे लेखी घ्या. शिकायला लागणारं स्पेशल स्टडी परमिट घरून येणाऱ्यालाही काढावंच लागतं. तिथल्या शाळांचा मोठा फायदा म्हणजे एकास एक शिकवणी. एका विद्यार्थ्यापुढे एक शिक्षक, दिवसाचे कित्येक तास. सेबूच्या वाहतूक कोंडीत अडकून असा तास बुडाला तर वर्गातला एक तास नाही, तुमचा एकट्याचा शिक्षक बुडाला. तिथे बाहेर राहायचं तर चालत जाता येईल इतक्यावरच.

५. खोलीच्या जाहिरातीची भाषा

जाहिरात वाचता येणं हा खरं तर पहिला धडा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात भाडं कित्येकदा आठवड्याचं लिहितात. त्याला चारने गुणून महिन्याचं काढलंत तर चुकाल. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे आठवड्याच्या भाड्याला ५२ ने गुणा आणि १२ ने भागा. आठवड्याला १०० असेल तर महिन्याला ४०० नाही, ४३३. ‘पी.सी.एम.’ लिहिलं असेल तर ते कॅलेंडर महिन्याचं भाडं. ‘बिल्स इन्क्लुडेड’ नसेल तर हिवाळ्यातल्या हीटिंगचा खर्च वेगळा. ‘बॉक्स रूम’ म्हणजे पलंग मावतो आणि बॅग दारामागे उभी राहते, इतकीच. ब्रिटनमध्ये ‘फ्लॅटमेट’ म्हणजे त्याच घरात पण वेगळ्या खोलीत राहणारा. अमेरिकेत त्याच माणसाला ‘रूममेट’ म्हणतात. हे माहीत नसेल तर एकट्याची खोली बघायला जाताना उगाच घाबरायला होतं.

एक फरक नीट समजून घ्या, कारण सगळा कायदा त्यावर उभा आहे. स्वतंत्र घर किंवा त्यातली खोली भाडेकराराने घेतलीत तर तुम्ही भाडेकरू. घरमालक स्वतः राहतो त्याच घरात एक खोली घेतलीत तर तुम्ही बहुधा ‘लॉजर’, आयर्लंडमध्ये ‘लायसन्सी’. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरूचं डिपॉझिट मालकाला ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं. लॉजरला ते संरक्षण नाही. आयर्लंडमध्येही भाडेकरूंचे तंटे सोडवणारं मंडळ लायसन्सीचा तंटा घेत नाही. मालकाच्या घरात राहू नका, असं मी म्हणत नाही. उलट इंग्रजीसाठी ती सगळ्यात चांगली जागा. फक्त डिपॉझिट कमी द्या, पावती घ्या, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते दोन ओळींत लिहून घ्या.

इंग्लंडमध्ये खोली देण्याआधी मालकाने तुमचा तिथे राहण्याचा हक्क तपासायचा असतो, लॉजरच्या बाबतीतही. त्यामुळे पासपोर्ट-व्हिसा दाखवायला सांगितलं तर संशय घेऊ नका. संशय उलट बाबतीत घ्या: काही न तपासता, खोली न दाखवता, ‘मी सध्या परगावी आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं सांगणाऱ्याचा. ही जुनी चाल आहे आणि दर वर्षी नवे विद्यार्थी तिला बळी पडतात. स्वतः किंवा ओळखीच्या कोणी खोलीत पाय ठेवल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही. पैसे बँकेतून द्या, रोख नको. आत शिरलात त्या दिवशी भिंती, गादी, खिडकीची कड, गॅसची शेगडी, सगळ्याचे फोटो काढून मालकाला ईमेल करा.

६. प्रवासाची रंगीत तालीम

खोली पसंत पडली. थांबा, सही करू नका. कामाच्या दिवशी, वर्गाच्या वेळेला, त्या घरापासून शाळेपर्यंत एकदा जाऊन बघा. मी शनिवारी दुपारी गेलो होतो, अठ्ठावीस मिनिटं लागली. खूश होऊन सही केली. सोमवारी सकाळी त्याच वाटेला बावन्न लागली, कारण पहिल्या दोन बस भरून आल्या आणि थांबल्याच नाहीत. नकाशाचं ॲप वापरत असाल तर त्यात ‘आत्ता निघालो’ नको, ‘मंगळवारी सकाळी साडेनऊला पोचायचं’ असं घालून बघा. आकडा बराच खरा मिळतो.

बारीकसारीक गोष्टी इथेच शिकून घ्या. अमेरिका, कॅनडा, फिलिपिन्स इथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, ऑस्ट्रेलियात डावीकडून. उजवीकडून चालणाऱ्या देशात सवयीच्या बाजूला उभे राहिलात तर उलट दिशेची बस पकडाल, आणि ते कळायला दहा मिनिटं लागतात. डब्लिनमध्ये स्टॉपवर नुसतं उभं राहून चालत नाही, बस दिसली की हात पुढे करावा लागतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत भाड्याचं कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवायचं, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. तिथल्या बसमध्ये मात्र चढतानाच फक्त.

विद्यार्थी सवलतीच्या पासची चौकशी शाळेत पहिल्याच दिवशी करा. लंडनमध्ये १८ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांच्या ऑयस्टर कार्डावर (तिथल्या बस-रेल्वेचं कार्ड) साप्ताहिक-मासिक पासात ३० टक्के सूट मिळते, पण तुमची शाळा त्या योजनेत नोंदलेली हवी. सगळ्या भाषाशाळा नसतात. काही शहरांत भाडं झोनवर ठरतं आणि एक स्टेशन अलीकडे राहिलात तर एक झोन वाचतो. पाससाठी फोटो, शाळेचं पत्र आणि पत्ता लागतो, आणि तो हातात यायला दिवस जातात. पहिल्या आठवड्याचा खर्च पुऱ्या भाड्याने धरून ठेवा.

दुसरी वाट पाठ हवी. रेल्वे बंद पडली तर कुठली बस? बस नसेल तर किती चालायचं? ब्रिटनमध्ये रुळांची कामं शनिवार-रविवारी काढतात आणि गाडीऐवजी ‘रेल रिप्लेसमेंट बस’ सोडतात, ती कूर्मगतीने जाते. रविवारी परीक्षा असेल तर आदल्या दिवशी बघून ठेवा.

आणि घड्याळ. ब्रिटन आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. मोबाइल आपोआप बदलतो, भिंतीवरचं बदलत नाही. मार्चमधल्या त्या सोमवारी निम्मा वर्ग उशिरा येतो. होस्टेलमध्ये कोणीतरी दार वाजवतं, तुमचं कोण वाजवणार?

७. वाट हाच एक वर्ग

अर्धा तास जायला आणि अर्धा तास यायला आपल्याकडे आहे, तर तो वापरायचा. पण ‘प्रवासात अभ्यास करीन’ एवढ्याने काही होत नाही. दोन फेऱ्यांना दोन कामं नेमून द्या. सकाळी फक्त ऐकणं: एकच पाच-सात मिनिटांची ध्वनिफीत, आठवडाभर तीच. सोमवारी निम्मी कळते, बुधवारी शब्द सुटे होतात, शुक्रवारी बोलणाऱ्याच्या आधी पुढचं वाक्य ओठांवर येतं. रोज नवीन ऐकणाऱ्याला हे कधीच अनुभवता येत नाही. स्टॉपपासून शाळेपर्यंत चालताना तीच फीत त्या माणसाच्या मागोमाग हलक्या आवाजात म्हणा. कानात इयरफोन असला की लोकांना वाटतं फोनवर बोलतोय, लाजायचं कारण नाही. रात्री एकट्याने चालताना मात्र दोन्ही कान मोकळे ठेवा.

येताना वही. वर्गात आलेले दहा शब्द, त्यांतल्या पाचांचं स्वतःचं एक-एक वाक्य. बसमध्ये उभं राहावं लागलं तर फोनमध्ये बोलून ध्वनिमुद्रित करा.

उरलेला वेळ कान उघडे ठेवा. स्टेशनवरच्या घोषणा पहिल्या आठवड्यात नुसता गलका वाटतात, तिसऱ्या आठवड्यात कळायला लागतात, आणि तो दिवस विसरत नाही. पाट्या वाचा. लंडनमध्ये ‘सबवे’ची पाटी दिसली म्हणून रेल्वे शोधत जिना उतरलात तर रस्त्याखालून पलीकडे निघाल, कारण ब्रिटिश इंग्रजीत सबवे म्हणजे पादचाऱ्यांचं भुयार. न्यूयॉर्कमध्ये सबवे हीच रेल्वे. ब्रिटनमध्ये ‘रिटर्न’ तिकीट मागायचं, अमेरिकेत ‘राउंड ट्रिप’. असले शब्द वर्गात येतीलच असं नाही. होस्टेलमधून न हलणाऱ्या विद्यार्थ्याला ते माहीतही नसतात. गाडी उशिरा असली तर शेजारच्याला विचारा की काय झालंय. उशीर झालेल्या गाडीवर कुरकुर करायला अनोळखी माणूसही आनंदाने तयार होतो.

८. वर्ग सुटल्यावरचे दोन तास

ये-जा करणारा मागे पडतो तो इथे. वर्ग सुटला की तो बसकडे पळतो, आणि होस्टेलवाले कॉमन रूममध्ये बसतात, चहा करतात, शनिवारचे बेत ठरवतात. सगळी मैत्री आणि निम्मं बोलणं त्या वेळात होतं. त्यामुळे आठवड्यातून निदान तीन दिवस सुटल्यावर दोन तास थांबायचंच, असं स्वतःशी ठरवून टाका. दुपारच्या बॅचला एवीतेवी बसला गर्दी असतेच, दोन तासांनी ती ओसरलेली असते.

थांबायला जागा लागते. शाळेत बसता येतं का, मायक्रोवेव्ह आहे का, सामान ठेवायला लॉकर मिळतो का, हे विचारा. डबा न्यायची सवय लावली तर पैसे वाचतात आणि दुपारी वर्गमित्रांसोबत टेबलावर बसणं आपोआप होतं. शाळा लवकर बंद होत असेल तर सार्वजनिक वाचनालय गाठा. इंग्रजी बोलल्या जाणाऱ्या देशांत अनेक वाचनालयांत नव्याने आलेल्यांसाठी संभाषणाचे गट चालतात. फुकट, आणि तिथे भेटतात ती स्थानिक माणसं, तुमच्यासारखेच चाचपडणारे वर्गमित्र नव्हेत. शाळेच्या सहलींत पहिल्या महिन्यात नाव घालाच, कंटाळा आला तरी. महिन्यानंतर गट ठरून जातात.

९. घरातली भाषा

आता अवघड विषय. परक्या गावात आपल्या भाषेची चार माणसं एका घरात राहिली की जीव रमतो, स्वयंपाक वाटून होतो, भाडं विभागलं जातं. यात कमीपणा काहीच नाही. पण मग दिवसातलं इंग्रजी वर्गाच्या तीन तासांत संपतं, आणि तेवढ्यासाठी देश सोडायची गरज नव्हती. दोन भाषांची सरमिसळ असलेलं घर शोधा. तीन खोल्यांत तीन देशांची माणसं असली की मोडकंतोडकं का होईना, भांडी कोणी घासायची हे इंग्रजीतच ठरतं.

आपल्याच माणसांत राहणं भाग असेल तर एक खोली इंग्रजीची करा. स्वयंपाकघर सगळ्यात सोयीचं, तिथे बोलणं सोपं आणि ठरावीक असतं. सबंध घरभर नियम लावलात तर चार दिवसांत मोडेल.

आणि घराची कामं दुसऱ्यावर ढकलू नका. हीटर बंद पडला तर मालकाला फोन कोण करणार? ज्याचं इंग्रजी चांगलं तो. असं चाललं की त्याचं अजून सुधारतं आणि तुमचं तिथेच राहतं. आधी कागदावर तीन वाक्यं लिहा, मग स्वतः फोन लावा. काय बिघडलंय, कधीपासून, कधी येणार. माझं टेलिफोनवरचं इंग्रजी कुठल्या शिक्षकाने शिकवलं नाही, एका गळक्या नळाने शिकवलं.

१०. उशीर, आजारपण, अडचण

होस्टेलमधला विद्यार्थी वर्गात दिसला नाही तर कोणीतरी वर जाऊन बघतं. तुम्ही दिसला नाहीत तर ‘गैरहजर’ एवढंच लिहिलं जातं. शाळेचा ऑफिसचा नंबर आणि सुट्टीच्या वेळचा आपत्कालीन नंबर फोनमध्ये आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर ठेवा, बॅटरी संपलेला फोन काही उपयोगाचा नाही. उशीर होणार असेल तर बसमधूनच ईमेल करा आणि गाडी रद्द झाल्याच्या सूचनेचा स्क्रीनशॉट जोडा. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी कळवा आणि डॉक्टरचं पत्र लागतं का ते विचारा, चौथ्या दिवशी नव्हे.

आपत्कालीन क्रमांक देशागणिक वेगळे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ९९९ किंवा ११२, ऑस्ट्रेलियात ०००, अमेरिका, कॅनडा आणि फिलिपिन्समध्ये ९११. तिथे आपला पत्ता इंग्रजीत, स्पष्ट आणि पोस्टकोडसकट सांगता यायला हवा. घर घेतल्यावर तो मोठ्याने दहा वेळा म्हणून बघा. घाबरलेल्या अवस्थेत स्वतःच्या गल्लीचं नाव आठवत नाही.

११. खोली सोडताना

कोर्स संपायच्या तारखेवरून उलट मोजा. करारात महिन्याची नोटीस असेल तर कोर्सच्या शेवटच्या परीक्षेआधीच ती द्यावी लागेल, आणि नेमकं तेव्हाच लक्षात राहत नाही. नोटीस लेखी द्या, तारीख घाला. शेवटच्या आठवड्यात खोली स्वतः स्वच्छ करा, आत शिरतानाचे फोटो समोर ठेवून त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्या, मीटरचे आकडे टिपा आणि किल्ली परत दिल्याचं मालकाकडून मेसेजवर लिहून घ्या. डिपॉझिट तुम्ही देश सोडण्याआधी खात्यात येत नसेल तर तिथलं बँक खातं घाईने बंद करू नका. पासवर पैसे उरले असतील तर ते परत मिळतात का हे काउंटरवर विचारा. तेवढं विचारायला इंग्रजी आता पुरेल.